ग्रेगरी पिंकस

ग्रेगरी गुडविन पिंकस (९ एप्रिल १९०३, वुडबाइन, न्यू जर्सी – २२ ऑगस्ट १९६७, बॉस्टन) हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीवरील मूलभूत प्रयोग आणि तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळीची निर्मिती या दोन कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दुसऱ्या कामाने त्यांना जगभर ओळख मिळाली. पहिले काम मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. वास्तविक ही दोन्ही कामे एकाच प्रश्नातून निघालेली आहेत. अंडाशयातील अंडपेशी वर्षानुवर्षे थांबून कशी राहते, तिला पुढे जाण्याची परवानगी कोण देते आणि ती परवानगी रोखून धरता येईल काय, हा तो प्रश्न होय.

जन्म आणि शिक्षण

रशियातून आलेल्या ज्यू निर्वासितांना शेतीवर वसवण्यासाठी बॅरन हिर्श यांच्या निधीतून १८९१ साली वुडबाइन ही वसाहत उभी राहिली होती. पिंकस यांचा जन्म याच वसाहतीत झाला. त्यांचे वडील जोसेफ हे शिक्षक होते व शेतकऱ्यांसाठी यिडिश भाषेत निघणाऱ्या एका नियतकालिकाचे संपादन करीत. आई एलिझाबेथ लिपमन यांच्या घराण्यातही शेतीशास्त्राची परंपरा होती. मामा जेकब लिपमन हे मृदाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि पिंकस यांचे शालेय शिक्षण तेथील मॉरिस हायस्कुलात झाले.

कॉर्नेल विद्यापीठातून ते १९२४ साली पदवीधर झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी तेथे एक साहित्यविषयक नियतकालिक सुरू करून चालवले, आणि कविता लिहिण्याची सवय त्यांना पुढेही राहिली. प्रयोगशाळेतील माणूस साहित्यापासून दूरच असतो हा आपल्याकडील समज त्यांच्याबाबतीत तरी खरा ठरत नाही. त्याच वर्षी एलिझाबेथ नॉटकिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. हार्वर्ड विद्यापीठात आनुवंशिकीचे अभ्यासक विल्यम कॅसल यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरच्या तीन वर्षांतील काही काळ इंग्लंडमधील केंब्रिज येथे व काही काळ बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत घालवून ते १९३० साली हार्वर्डमध्ये अध्यापक म्हणून परतले. पुढच्याच वर्षी ते साहाय्यक प्राध्यापक झाले. केंब्रिज त्या वेळी पशुप्रजननाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होते, आणि सशांच्या अंडपेशी हा विषय त्यांनी तेथूनच बरोबर आणला.

अंडपेशीचा प्रश्न

सस्तन प्राण्यांना अंडे असते हे प्रत्यक्ष पाहून सिद्ध केले ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी, १८२७ साली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या पेशीची रचना बरीचशी कळली होती. तिची वाटचाल मात्र कळली नव्हती. ही वाटचाल मोठी विलक्षण आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातील अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाला आरंभ करतात. या विभाजनात ४६ गुणसूत्रांची संख्या निम्म्यावर, म्हणजे २३ वर, यावयाची असते. परंतु विभाजन सुरू होऊन पहिल्याच टप्प्यात थांबते. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख अंडपेशी असतात व त्या सर्व या थांबलेल्या अवस्थेत असतात. वयात येईपर्यंत त्यांतील बहुतेक नष्ट होऊन तीन-चार लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात जेमतेम ४०० अंडपेशी परिपक्व होऊन बाहेर पडतात. एखादी अंडपेशी १२ वर्षे थांबते, एखादी ४५ वर्षे. शरीरातील इतर कोणतीही पेशी विभाजनाच्या मध्यावर इतका काळ थांबून राहत नाही.

मासिक चक्राच्या मध्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरकाची एक लाट येते. तिच्यामुळे एका अंडपेशीचे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते. अर्धी गुणसूत्रे एका चिमुकल्या पेशीत, म्हणजे ध्रुवीय पिंडात, टाकून देऊन अंडपेशी दुसऱ्या विभाजनात शिरते आणि तेथे पुन्हा थांबते. हा दुसरा थांबा शुक्राणूच्या प्रवेशानेच सुटतो. शुक्राणू आला नाही तर विभाजन कधीच पुरे होत नाही. सर्वसाधारण पेशीच्या जीवनात वाढ आणि विभाजन यांचे चक्र अखंड फिरत असते. अंडपेशीच्या बाबतीत त्याच चक्राला दोन ठिकाणी कुलपे घातलेली असतात असे म्हणता येईल.

पिंकस यांनी ससा निवडला त्याला कारण होते. मादी ससा ठरावीक दिवसांनी अंडमोचन करीत नाही. समागमानंतर सुमारे १० ते १२ तासांनीच तिची अंडी बाहेर पडतात. त्यामुळे अंडपेशी कोणत्या घटकेला कोणत्या अवस्थेत असेल हे प्रयोगकर्त्याला आधीच ठाऊक असते. घड्याळ लावून काम करता येईल असा दुसरा सोयीचा प्राणी मिळणे अवघड होते.

सहकारी अर्न्स्ट एन्झमन यांच्यासह १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी एक अनपेक्षित निरीक्षण नोंदवले. सशाच्या अंडाशयातील पुटकातून, म्हणजे अंडपेशीभोवतीच्या पेशींच्या पिशवीतून, अंडपेशी काढून पोषक द्रवात ठेवली की कोणत्याही संप्रेरकाशिवाय तिचे विभाजन आपोआप पुन्हा सुरू होते. झाडावरचा आंबा उतरवून अढीत घालावा आणि तो तेथे आपला आपण पिकावा, तसाच काहीसा हा प्रकार होता. यावरून पिंकस यांनी काढलेला निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. अंडपेशीत पुढे जाण्याची क्षमता मुळातच आहे. तिला ढकलावे लागत नाही, उलट पुटकातील पेशी तिला सतत अडवून धरतात, असे त्यांनी मांडले. संप्रेरक अंडपेशीला चालवते हा तोवरचा समज त्यामुळे उलटा झाला: संप्रेरकाचे काम अडसर काढण्याचे ठरले.

या निष्कर्षाचा रासायनिक उलगडा होण्यास आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली. बेडकाच्या अंडपेशीत परिपक्वता घडवून आणणारा एक घटक योशिओ मासुई व क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये दाखवून दिला. सीडीके-१ आणि सायक्लिन-बी या दोन प्रथिनांची जोडी म्हणजेच हा घटक, हे १९८८ च्या सुमारास स्पष्ट झाले. तीच जोडी यीस्टपासून माणसापर्यंत प्रत्येक पेशीच्या विभाजनाची किल्ली आहे. थांबलेल्या अंडपेशीत सायक्लिक एएमपी नावाचा लहान रेणू या जोडीला निष्क्रिय ठेवतो. तो रेणू तुटू नये याची काळजी घेतो दुसरा रेणू, सायक्लिक जीएमपी. आणि हा दुसरा रेणू अंडपेशीत तयार होत नाही, पुटकातील पेशींमधून सूक्ष्म मार्गांनी आत झिरपतो. पीयूषिकेची लाट आली की पुटकातील त्याचा पुरवठा आटतो, अडसर निघतो आणि विभाजन सुरू होते. हे २००९-१० च्या संशोधनातून सिद्ध झाले. अंडपेशी पुटकातून काढली की पुरवठा तुटतो, म्हणूनच ती काचपात्रात आपोआप पुढे जाते. पिंकस यांना यातील एकही रेणू माहीत नव्हता, तरीही अडसर पुटकात आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

मानवी अंडपेशीच्या बाबतीत मात्र ते फसले. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांतील अंडपेशींवर प्रयोग करून १९३९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की माणसाची अंडपेशीही काचपात्रात, सशाप्रमाणेच, सुमारे १२ तासांत परिपक्व होते. हा आकडा पुढे पंचवीस वर्षे तसाच मानला गेला. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स १९६० च्या दशकात या मार्गाने निघाले तेव्हा १२ तासांनी त्यांना काहीच दिसेना. चिकाटीने वाट पाहिल्यावर त्यांना कळले की मानवी अंडपेशीत हालचाल दिसू लागण्यासच सुमारे २५ तास लागतात व ती परिपक्व होण्यास ३६ तास किंवा अधिक. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्याच आधारावर १९७८ साली जगातील पहिले नलिकाबालक जन्माला आले. एका चुकीच्या आकड्याने किती प्रयोगशाळांची वर्षे वाया घालवली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही; पण अंडपेशी शरीराबाहेर परिपक्व होऊ शकते हे पिंकस यांनी दाखवले नसते तर एडवर्ड्स वाट पाहत बसलेच नसते, हेही तितकेच खरे.

अंडपेशीच्या दीर्घ थांब्याचा आणखी एक परिणाम सामान्य वाचकाला माहीत असणे उपयुक्त आहे. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र बांधून ठेवणारी प्रथिने या काळात हळूहळू झिजतात. त्यामुळे आईचे वय जितके अधिक, तितकी विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता अधिक असते. पस्तिशीनंतरच्या गरोदरपणात डाऊन संलक्षणाची शक्यता वाढते ती मुख्यतः यामुळेच.

बापाविना ससे

पिंकस व एन्झमन यांनी १९३४ मध्येच सशाची अंडपेशी काचपात्रात फलित करून दुसऱ्या मादीच्या शरीरात ठेवल्याचे व तिला पिल्ले झाल्याचे जाहीर केले होते. त्यापाठोपाठ उष्णता, क्षारद्रव आणि थंडी यांचा मारा करून शुक्राणूशिवायच अंडपेशीला विभाजनास प्रवृत्त करता येते, असा दावा त्यांनी केला. अंडपेशीचे दुसरे कुलूप शुक्राणूखेरीज अन्य किल्लीनेही उघडते, हा त्याचा अर्थ होता. त्यांचे ‘द एग्ज ऑफ मॅमल्स’ हे पुस्तक १९३६ साली निघाले आणि दशकाच्या अखेरीस त्यांनी अशा अंडपेशींतून जिवंत पिल्ले जन्मल्याचेही प्रसिद्ध केले.

वृत्तपत्रांनी हा विषय उचलून धरला. ऑल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी १९३२ मध्ये येऊन गेलेली होती. बाटल्यांत माणसे वाढवणाऱ्या त्या कल्पित जगाशी पिंकस यांच्या प्रयोगशाळेची तुलना होऊ लागली. पुरुष नामशेष होणार काय अशा चर्चा मासिकांतून रंगल्या. स्वतः पिंकस प्रसिद्धीला विन्मुख नव्हते. वार्ताहराशी मोकळेपणाने बोलणारा शास्त्रज्ञ त्या काळी सहकाऱ्यांना खटके, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

या दाव्यांचे पुढे काय झाले हेही नोंदवले पाहिजे. इतर प्रयोगशाळांना बापाविना ससे मिळाले नाहीत. शुक्राणूशिवाय अंडपेशीचे विभाजन काही काळ चालते हे खरे. पण त्यातून पूर्ण वाढलेले पिल्लू जन्मणे निसर्गतः शक्य नसते. आईकडून व बापाकडून आलेल्या काही जनुकांवर वेगवेगळे शिक्के असतात आणि सस्तन प्राण्यांच्या गर्भाला दोन्ही शिक्के लागतात, हे १९८४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उघड झाले. जपानमध्ये २००४ साली दोन मातांपासून एक उंदीर जन्माला आला तो जनुकांत फेरफार करून आणि शेकडो अंडपेशी खर्ची घालून. पिंकस यांच्या पिल्लांचा जन्म कोठल्या तरी नजरचुकीने, बहुधा नेहमीच्या फलनातून, झाला असावा असे आज मानले जाते. काचपात्रातील फलनाच्या दाव्यावरही नंतर शंका घेतल्या गेल्या. शुक्राणूंना मादीच्या शरीरात काही तास घालवल्याशिवाय फलनाची क्षमता येत नाही, हे १९५१ साली कळले. हा शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक पिंकस यांचेच सहकारी मिन च्वे चँग होते. सशाच्या काचपात्रातील फलनाचा निर्विवाद पुरावाही चँग यांनीच १९५९ मध्ये दिला.

हार्वर्डमधून वुस्टर

हार्वर्डने १९३६ साली आपला तीनशेवा वर्धापनदिन साजरा केला तेव्हा विद्यापीठाच्या उल्लेखनीय वैज्ञानिक कामगिऱ्यांत पिंकस यांच्या प्रयोगांचा समावेश होता. त्यानंतर वर्षभरातच त्यांना कायम नेमणूक नाकारण्यात आली. वृत्तपत्रांतील गवगवा, विभागातील अंतर्गत राजकारण आणि त्या काळच्या अमेरिकन विद्यापीठांत उघडपणे वावरणारा ज्यूद्वेष अशी तीन कारणे चरित्रकार सांगतात. प्रत्येकाचा वाटा किती, हे ठरवणे अवघड आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप असलेला हा संशोधक नोकरीविना राहिला. काही महिने केंब्रिजमध्ये काढल्यानंतर त्यांचे जुने मित्र हडसन होगलंड मदतीला आले. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात होगलंड प्राध्यापक होते. त्यांनी १९३८ मध्ये पिंकस यांना तेथे बोलावून घेतले. पगाराचे पैसे मात्र विद्यापीठाने दिले नाहीत, ते बाहेरून जमवावे लागले.

विद्यापीठाच्या आधाराशिवाय स्वतःची संस्था काढावी असे दोघांनी ठरवले आणि १९४४ साली वुस्टर फाउंडेशन फॉर एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी ही संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी जवळच्या श्रूजबरी गावातील एका जुन्या वाड्यात तिने संसार थाटला. हा संसार काटकसरीचा होता. होगलंड आवारातील गवत कापीत आणि पिंकस पिंजरे साफ करीत, अशा हकिकती सांगितल्या जातात. चीनमध्ये जन्मलेले व केंब्रिजमध्ये शिकलेले चँग १९४५ मध्ये तुटपुंज्या पाठ्यवृत्तीवर आले तेव्हा संशोधनाबरोबर रात्रीची राखणही त्यांच्याकडे होती. याच काळात पिंकस यांनी संप्रेरकांच्या अभ्यासकांची लॉरेन्शियन परिषद नावारूपास आणली व अखेरपर्यंत तिचे नेतृत्व केले. त्या परिषदेत त्यांनी जोडलेली माणसे आणि औषध कंपन्यांशी आलेले संबंध पुढच्या कामात उपयोगी पडले.

गोळीचा शोध

न्यूयॉर्कमधील एका भोजनप्रसंगी १९५१ च्या सुमारास पिंकस यांची गाठ मार्गारेट सँगर यांच्याशी पडली. संततिनियमनासाठी तुरुंगवास भोगलेल्या सँगर यांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहील, पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून नसेल, असे स्वस्त व सोपे साधन त्यांना हवे होते. पिंकस यांना तो प्रश्न अंडपेशीच्या भाषेत दिसला. गरोदर स्त्रीच्या अंडाशयातून नवी अंडपेशी बाहेर पडत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर असते. आणि प्रोजेस्टेरॉन टोचल्यास सशाचे अंडमोचन थांबते हे फिलाडेल्फियातील संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. म्हणजे शरीराला गरोदरपणाचा भास करून दिला तर पीयूषिकेची लाट येणार नाही, पुटकाचा अडसर निघणार नाही आणि अंडपेशी आपल्या जुन्या थांब्यावरच राहील. पंधरा वर्षांपूर्वी जे कुलूप उघडण्याचा अभ्यास केला तेच आता लावून ठेवायचे होते.

चँग यांनी सशांवर प्रयोग पुन्हा करून पाहिले व ते यशस्वी झाले. पैसा नव्हता. तो आला कॅथरीन मॅकॉर्मिक यांच्याकडून. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९०४ साली जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या या श्रीमंत विधवेने एकेकाळी युरोपातून गर्भनिरोधक साधने सामानात लपवून सँगर यांच्या केंद्रासाठी आणली होती. जून १९५३ मध्ये सँगर यांच्याबरोबर त्या श्रूजबरीला आल्या आणि ४०,००० डॉलरचा धनादेश देऊन गेल्या. पुढील वर्षांत त्यांनी दिलेली रक्कम सुमारे २० लाख डॉलरपर्यंत गेली. सरकारचा किंवा कोणत्याही मोठ्या प्रतिष्ठानचा मुख्य आधार नसताना, जवळजवळ एका स्त्रीच्या संपत्तीवर हे संशोधन उभे राहिले.

स्त्रियांवर प्रयोग करण्यास वैद्याची गरज होती. जॉन रॉक हे बॉस्टनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, श्रद्धाळू कॅथलिक. मिरियम मेनकिन यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये मानवी अंडपेशीच्या काचपात्रातील फलनाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. वंध्यत्वाच्या रुग्णांना ते प्रोजेस्टेरॉन देऊन पाहतच होते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतल्यास फारच मोठी मात्रा लागे. ती अडचण रसायनशास्त्रज्ञांनी सोडवली. मेक्सिकोतील रानटी कंदापासून स्टेरॉइडे बनवण्याची वाट रसेल मार्कर यांनी खुली केली होती. तिच्यावरून जाऊन सिंटेक्स कंपनीत नॉरएथिंड्रोन १९५१ मध्ये तयार झाले आणि थोड्याच काळात सर्ल कंपनीचे फ्रँक कोल्टन यांनी नॉरएथिनोड्रेल बनवले. पिंकस यांनी दुसरे निवडले. या पदार्थात इस्ट्रोजेनचा अंश भेसळ म्हणून राहून जातो असे लक्षात आल्यावर तो काढून टाकण्यात आला, तेव्हा स्त्रियांना अवेळी रक्तस्राव होऊ लागला. शेवटी तो अंश मुद्दाम ठेवण्यात आला. आजही बहुतेक गोळ्यांत दोन संप्रेरके असतात त्याचे मूळ या भेसळीत आहे. वीस दिवस गोळी घेऊन नंतर खंड द्यावयाचा, म्हणजे पाळी येते आणि क्रम नैसर्गिक वाटतो, ही योजनाही याच काळातली.

पोर्तो रिकोतील चाचण्या

मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधक साधने देणे हा गुन्हा होता. त्यामुळे आरंभीच्या चाचण्या वंध्यत्वावरील उपचार या नावाखाली झाल्या. वुस्टरच्या मनोरुग्णालयातील रुग्णांवरही औषध वापरून पाहण्यात आले. ज्यांना संमती देणे शक्यच नव्हते अशांवरचा हा प्रयोग पिंकस यांच्या चरित्रातील सर्वांत न समर्थनीय भाग आहे. मोठ्या चाचणीसाठी पोर्तो रिको बेटाची निवड झाली. तेथे दाट व गरीब वस्ती होती, संततिनियमनाची केंद्रे कायदेशीर होती. एप्रिल १९५६ मध्ये रिओ पिएद्रास येथील गृहवसाहतीत डॉ. एड्रिस राइस-रे यांच्या देखरेखीखाली गोळ्या देण्यास सुरुवात झाली. प्रत्येक गोळीत १० मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल होते.

नियमाने गोळी घेणाऱ्यांना गर्भ राहत नाही, असे राइस-रे यांनी वर्षअखेर कळवले. त्याबरोबरच मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी १७ टक्के स्त्रियांना होतात आणि त्यामुळे ही गोळी सर्रास वापरण्यायोग्य नाही, असेही स्पष्ट लिहिले. पिंकस यांनी तो इशारा मनावर घेतला नाही. त्यांनी काही स्त्रियांना निरौषध गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांनाही तक्रारी झाल्या, आणि त्यावरून दोष बहुतांशी मनाचा आहे असे ठरवले. चाचणीच्या काळात मृत्यू पावलेल्या काही स्त्रियांचे शवविच्छेदन झाले नाही, असेही नंतरच्या लेखकांनी नोंदवले आहे. आपण नव्या औषधाच्या चाचणीत आहोत हे बहुतेक स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. त्या काळी संमतीविषयीचे कायदे सैल होते हे खरे असले, तरी बॉस्टनच्या सुस्थित घरांतील स्त्रियांवर इतक्या मोठ्या मात्रेचा प्रयोग असा झाला असता काय, हा प्रश्न उरतोच. पिंकस आपली आकडेवारी स्त्रियांच्या संख्येऐवजी मासिक चक्रांच्या संख्येत मांडत. चक्रे हजारोंनी मोजली जात असली, तरी प्रत्यक्ष स्त्रिया हजाराच्या आत होत्या आणि वर्षभराहून अधिक काळ गोळी घेतलेल्या त्याहूनही पुष्कळ कमी.

अमेरिकन सरकारने एनोव्हिड या नावाने ही गोळी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींसाठी आणि १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी मान्य केली. लगेच पुढच्या वर्षापासून रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या. त्यानंतर मात्रा उतरत गेल्या. भारतात सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळणाऱ्या माला-एन गोळीत आज ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल व ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. रेणू वेगळे असल्याने थेट तुलना करता येत नाही, पण पोर्तो रिकोतील स्त्रियांनी किती जड मात्रा सोसली याची कल्पना यावरून येते.

महाराष्ट्रातील समकालीन घडामोडी

पिंकस प्रयोगशाळेत होते त्याच काळात हा विषय महाराष्ट्रात चव्हाट्यावर आलेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले व जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यासाठी नोकरी, खटले आणि बदनामी यांची झळ त्यांनी सोसली. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आंबेडकरांच्याच पुढाकाराने १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या होत्या, परंतु कृत्रिम साधने गांधीजींना मान्य झाली नाहीत. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून जागतिक कुटुंबनियोजन महासंघ जन्मास आला आणि त्या परिषदेलाही सँगर उपस्थित होत्या. मॅकॉर्मिक यांचा पहिला धनादेश त्यानंतर सातच महिन्यांनी निघाला. कर्वे यांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. ज्या साधनाची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली असती ते तेव्हा सशांपर्यंत पोहोचले होते.

अंडपेशीसंबंधीच्या कामाचा धागाही मुंबईपर्यंत येतो. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालक जन्माला आले. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. हयातीत त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

अखेरची वर्षे

गोळीच्या यशानंतर पिंकस सतत प्रवासात असत. ऑक्टोबर १९५५ मध्ये टोकियोच्या परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष प्रथम जगापुढे मांडले होते. त्यानंतर देशोदेशींच्या सभांतून ते बोलत राहिले. गोळीच्या विक्रीतून त्यांना स्वामित्वधन मिळाले नाही. ‘द कंट्रोल ऑफ फर्टिलिटी’ हे त्यांचे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. अस्थिमज्जेच्या दुर्मीळ विकाराने ते काही वर्षे आजारी होते, तरी काम थांबवले नव्हते. बॉस्टनमध्ये २२ ऑगस्ट १९६७ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली श्रूजबरीची संस्था पुढे तीस वर्षे स्वतंत्रपणे चालली व १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वुस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झाली.